नववीतल्या मुलीचं नाव 'ड्यूक ऑफ एडिनबरो'त घालावं का?

तुमचे प्रश्न दोन. शाळेत या पुरस्काराचा, म्हणजे पोरांनी स्वतः निवडून करायच्या उपक्रमांच्या योजनेचा, ब्राँझ हा पहिला टप्पा सुरू होतोय, तर नववीतल्या मुलीचं नाव घालावं का? आणि दहावीला त्याचे गुण मिळतात का?

गुण मिळत नाहीत. खेळाडूंना आणि शास्त्रीय कला शिकणाऱ्यांना दहावीला सवलतीचे गुण असतात, इथं तसलं काही नाही. तेवढ्यासाठीच घालणार असाल तर राहू दे. मी कोल्हापुरात पीटी शिकवायचो, निवृत्तीनंतर या योजनेतल्या पोरांच्या पदभ्रमंतीवर देखरेखीला जातो. त्यामुळं माझं माप योजनेकडं थोडं झुकणार, हे धरून वाचा.

योजना १९५६ ची, ब्रिटनमधली. प्रिन्स फिलिपनं, म्हणजे तेव्हाच्या ड्यूक ऑफ एडिनबरोनं, सुरू केली, पण मूळ विचार त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक कुर्ट हान यांचा. ब्राँझला वय चौदा लागतं. सेवा, कौशल्य आणि शारीरिक खेळ या तीन गोष्टी प्रत्येकी तीन महिने करायच्या, त्यातली एक निवडून सहा महिने. प्रत्येक गोष्टीला सरासरी आठवड्याला एक तास. शिवाय दोन दिवस आणि एक रात्र अशी पायी मोहीम, तिच्याआधी एक सरावाची. स्पर्धा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. जून-जुलैत सुरू केलं तर नववीतच संपतं, म्हणून अभ्यासाची काळजी सोडा. आठवड्याचे तेवढे तास रंकाळ्याच्या कट्ट्यावर सहज जातात.

खरी गंमत निवडीत आहे आणि तिथंच पालक घोळ घालतात. कौशल्य म्हटलं की लगेच गिटारचा क्लास! अहो, चपलेची वेणी घालायला शिकवणारा कारागीर गावात आहे, हलगी शिकवणारा आहे. खेळात मर्दानी खेळ, फुटबॉल, पोहणं, काहीही चालतं, फक्त नियमित हवं आणि शिकवणाऱ्यानं तपासून सही द्यायला हवी. मूल्यमापन करणारा घरातला नको, त्यामुळं 'काका देतील सही' हा मार्ग बंद. सेवेतही तसंच. विसर्जनाला इराणी खणीवर एक दिवस निर्माल्य गोळा करून फोटो काढला, एवढ्यानं भागत नाही. दर शनिवारी एखाद्या पालिका शाळेतल्या चार पोरांना वाचायला शिकवणं, हे चालतं. कंटाळा येतो, सहाव्या आठवड्यात पोरं दांड्या मारायला लागतात. ते व्हावंच. तिथून स्वतःहून परत येणं हाच तर या योजनेचा गाभा आहे, आणि तो आईनं ढकलून येत नाही.

नोंदी ऑनलाइन ठेवायच्या असतात. त्या तिलाच लिहू द्या. पालकानं लिहिलेली नोंद मला पहिल्या ओळीत कळते: 'माझ्यातील नेतृत्वगुण विकसित झाले.' चौदा वर्षांचं पोर असं बोलतं का?

मोहिमेचं थोडं जास्त सांगतो, कारण माझा जीव तिथं रमतो. गट चार ते सात जणांचा. रोज किमान सहा तास स्वतःच्या ताकदीवर काम, वाहन नाही. पन्हाळा ते पावनखिंड मात्र ब्राँझच्या पोरांना घालू नका. पावसाळ्यात हजारो लोक जातात म्हणून ती सोपी वाटते, पण दोन दिवसांत तेवढं अंतर, चिखल आणि धुकं हे या वयाला जड आहे. दिवाळीनंतर पन्हाळ्यावरून मसाई पठार, पांडवदरा बघून, गावात मुक्काम करून परत, हे बेताचं. मोहिमेला उद्देशही लागतो. वाटेवरच्या कोणत्या झऱ्यांना अजून पाणी आहे याची नोंद पोरांनी केली तर उत्तम. नकाशा त्यांच्या हातात, भात त्यांनी शिजवायचा. मोठी माणसं लांबून चालतात. भात करपला तर करपला.

पैसे भरण्याआधी शाळेला तीन गोष्टी विचारा. योजना बघणारा शिक्षक प्रशिक्षण घेतलेला आहे का? मोहिमेवर मुलींबरोबर शिक्षिका येणार का? आणि कौशल्य, खेळ मुलीनं निवडायचा की शाळेनं एकच यादी ठरवून ठेवलीय? सगळ्यांना एकच क्लास लावणारी शाळा असेल तर मी पैसे भरणार नाही. सिल्व्हर आणि गोल्ड या पुढच्या टप्प्यांची घाई नको. गोल्ड सोळा पूर्ण झाल्यावर करता येतं आणि पंचवीस पूर्ण व्हायच्या आत संपवायचं असतं, त्यामुळं बारावीनंतर कॉलेजात केलं तरी चालतं.