फेरारी एफ४० मध्ये एवढं काय खास आहे? आजच्या कितीतरी गाड्या तिच्याहून वेगवान आहेत ना?

वेगवान आहेत, हे खरं. पण एफ४० चं मोठेपण तिच्यात काय *नाही* यात आहे. १९८७ साली कंपनीच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त ती आली. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत आणि त्यांच्या मंजुरीने बाहेर पडलेली ही शेवटची नवी गाडी; पुढच्याच वर्षी ते गेले.

आत बसलात तर गालिचा नाही, रेडिओ नाही. दार उघडायला आतून नुसती एक तार ओढायची. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. बॉडी कार्बन फायबर आणि केव्हलार या हलक्या पण मजबूत धाग्यांची, त्यामुळे द्रवपदार्थ न भरता वजन जेमतेम ११०० किलो. मागे २.९ लिटरचं व्ही८ इंजिन, दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे पंखे), ४७८ अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी ३२४ किमी. रस्त्यावरच्या गाडीने ताशी २०० मैलांचा (सुमारे ३२२ किमी) टप्पा ओलांडणं तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

टर्बोची गंमत अशी की अॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, आणि मग सगळी ताकद एकदम येते. ओल्या रस्त्यावर हे भीतीदायकच. चूक सावरून घ्यायला इलेक्ट्रॉनिक्स नाहीत, सगळं चालवणाऱ्याच्या हातात आणि पायात.

पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीने केलेलं डिझाइनही कामापुरतंच. तो उंच मागचा पंख गाडी जमिनीला दाबून धरतो, आणि मागच्या पारदर्शक झाकणातल्या फटी इंजिनची गरम हवा बाहेर सोडतात. मला तरी ती म्हणूनच इतकी देखणी वाटते. सुरुवातीला सुमारे ४०० गाड्यांचा बेत होता. मागणीमुळे १३०० च्या वर बनवाव्या लागल्या.