काउंटीचं मध्यक उत्पन्न काढताना

अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मध्यक कौटुंबिक उत्पन्नाचा, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या आकड्याचा, आलेख काढताय ना, मग आधी तिची लोकसंख्या बघा. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या जनगणना ब्यूरोच्या नमुना पाहणीचे एका वर्षाचे नेहमीचे अंदाज ६५,००० किंवा त्याहून जास्त वस्ती असलेल्या काउंट्यांनाच मिळतात; बाकीच्यांसाठी मुख्यतः पाच वर्षांची माहिती एकत्र करून काढलेले. नवखे इथेच घसरतात. २०१४–१८ आणि २०१५–१९ शेजारी मांडून ‘वाढ’ दाखवतात. अहो, त्यातली चार वर्षं तीच! २०१५–१९ ची तुलना २०१०–१४ शी करा, तीही महागाई काढून आणि त्रुटीची मर्यादा (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते) बघून. दरवर्षीचा आकडा हवाच असेल तर जनगणना ब्यूरोचे ‘स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स’ घ्या. मॉडेलवरचे असले तरी छोट्या काउंट्यांनाही मिळतात. आणि हो, २००० च्या जनगणनेतलं उत्पन्न १९९९ चं आहे. मीही त्यात एकदा फसलोय.