कार्बनच्या थरातलं 'डोपिंग': भेसळ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: नायट्रोजन मिसळला की कार्बनच्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन कमी विद्युत क्षेत्रातही बाहेर पडतात, यावर मराठीत लेख लिहायचा आहे. तर या मिसळण्याला, म्हणजे 'डोपिंग'ला, 'भेसळ' म्हटलेलं चालेल का?

नाही चालणार. भेसळ दुधात होते, तिखटात होते आणि करणारा ती लपवतो. इथे मिसळणारा किती मिसळलं ते शोधनिबंधात छापतो! 'अशुद्धी मिसळणे' रुळलेलं आहे, पण त्यातही माल बिघडवल्याचा वास येतो. क्रीडापानावरचं 'उत्तेजक सेवन' तर इथे निरुपयोगीच. अर्थात मूळ शब्दाचं चारित्र्य तरी कुठे धड आहे? डच भाषेत तो पदार्थ बुडवून खायचा सॉस. इंग्रजीत आल्यावर कुठलाही दाट, चिकट द्रव, मग अफू, मग शर्यतीच्या घोड्याला चारलेलं औषध, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला जर्मेनियम-सिलिकॉनमध्ये घातलेला फॉस्फरस किंवा बोरॉन. एवढं फिरून आलेला शब्द मराठीतही नांदेल. 'डोपिंग'च ठेवा, 'डोप केलेला थर' म्हणा.

मात्र तुमच्या उदाहरणात मला वेगळीच शंका आहे. सिलिकॉनचं डोपिंग म्हणजे दहा लाख अणूंत एखादा परका अणू, बरेचदा त्याहूनही कमी. फॉस्फरसचा पाचवा इलेक्ट्रॉन बंधात अडकत नाही, तो वाहायला मोकळा होतो, बस्स. निळ्या हिऱ्याचा निळेपणा बोरॉनच्या अशाच लेशमात्र अणूंचा. अस्फटिकी, म्हणजे अणूंची शिस्तबद्ध रांग नसलेल्या, कार्बनच्या थरात मात्र नायट्रोजन अनेकदा चक्क टक्क्यांत असतो. अमरतुंग आणि सिल्वा या संशोधकांनी 1996 साली ज्या थरांतून इलेक्ट्रॉन असे बाहेर पडताना दाखवले, त्यांना त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकात 'नायट्रोजन असलेला' कार्बन म्हटलं होतं. एवढा नायट्रोजन नुसता इलेक्ट्रॉन देऊन गप्प बसत नाही. तो अणूंची मांडणीच बदलतो, ग्रॅफाइटसारखे पुंजके वाढवतो.

हे सोनाराच्या 'हिणा'च्या जवळ जातं. 22 कॅरेटच्या सोन्यात 24 भागांपैकी 2 भाग हीण असतं, दागिना टिकावा म्हणून मुद्दाम घातलेलं. पण 'हिणकस'मुळे तो शब्द बदनाम, तेव्हा लेखात तो नको. प्रमाण टक्क्यांत असेल तिथे सरळ 'नायट्रोजनयुक्त कार्बन' लिहा आणि 'डोपिंग' खऱ्याखुऱ्या लेशमात्र मिश्रणासाठी राखून ठेवा. संशोधक स्वतः हा भेद पाळतातच असं नाही, पण मराठी वाचकाला आपण का गोंधळात टाकावं?

जाता जाता, विद्युत क्षेत्राने इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचं नाव: 'क्षेत्र उत्सर्जन'. फाउलर आणि नॉर्डहाइम या भौतिकशास्त्रज्ञांनी 1928 साली ज्याचं गणित मांडलं तेच हे: धातू न तापवता, केवळ तीव्र विद्युत क्षेत्राच्या जोरावर इलेक्ट्रॉन बाहेर काढणं. मथळ्यात 'उत्सर्जन' एकटं सोडू नका. शाळेत 'उत्सर्जन संस्था' पाठ केलेल्या माणसाला आधी मूत्रपिंड आठवतं.