गावात हवामान बदलाबद्दल बोलायला फिल्म कॅमेरा कामाचा आहे का?

तुमचं गाव अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडे, घरात वडिलांचा रोलचा कॅमेरा आहे आणि कलात्मक फोटोंमधून गावकऱ्यांपर्यंत हवामान बदल पोचवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की येईल. मी वरुड भागात हेच करते, म्हणून सांगते.

आधी भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावलेला शेतकरी हा फोटो डोक्यातून काढा. पेपरात तो छापून छापून झिजलाय, आणि ज्याचं वावर आहे त्याला त्यातून नवीन काय कळणार?

हवामानशास्त्रात साधारण 30 वर्षांची सरासरी धरतात. त्यामुळे एका वर्षीच्या गारपिटीचा फोटो कितीही जबरदस्त आला, तरी तेवढ्यानं हवामान बदललं हे सिद्ध होत नाही. 30 वर्षांपूर्वीचं गाव मोबाइलमध्ये सापडायचं नाही, ते रोलवर आहे. तालुक्याच्या जुन्या स्टुडिओंमध्ये लग्नं, पोळा, शाळेचे ग्रुप फोटो यांच्या निगेटिव्ह खोक्यांत पडून असतात. त्या उजेडावर धरा आणि माणसांच्या मागे काय दिसतं ते बघा. माझ्याकडे आलेल्या एका निगेटिव्हमध्ये पोळ्याला सजवलेल्या बैलजोडीमागे नाला भरून वाहतोय आणि बैलांचे खूर गाळात रुतलेत. पोळ्यालाच त्याच जागी उभं राहून मी नवा फोटो काढला. नाल्यात गोटे आणि बेशरमाची झुडपं. दोन्ही प्रिंट शेजारीशेजारी पारावर लावल्या, तर म्हातारी माणसं आपणहून बोलायला लागली. एक आजोबा म्हणाले, “तवा बोअर कोठी होते बापा?”

त्यांचं म्हणणं खरंच आहे. संत्र्यासाठी आपल्याकडे इतका उपसा झाला की वरुड-मोर्शी पट्टा डार्क झोन, म्हणजे जमिनीतलं पाणी प्रमाणाबाहेर उपसलेला भाग, म्हणून ओळखला जातो. आटलेल्या विहिरीखाली नुसतं ‘हवामान बदल’ लिहाल तर लोक हसतील, आणि ते बरोबरच असेल. पण ऊन तापलं की आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या संत्र्याची, फळगळ वाढते, झाडं जगवायला आणखी पाणी ओढलं जातं, विहीर आणखी खाली जाते. ही साखळी फोटोखाली दोन ओळीत लिहा.

कलेचं म्हणाल, तर एकाच फ्रेमवर दोनदा फोटो घेऊन पहा: त्याच धुऱ्यावरून एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये. दोन्ही वेळा एकेक स्टॉप उजेड कमी, म्हणजे निम्माच, द्या, नाहीतर निगेटिव्ह फार दाट होते. मधल्या काळात कॅमेरा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, गाडीच्या डिक्कीत चुकूनही नाही. रोल ब्लॅक अँड व्हाइटच घ्या, घरी धुता येतो. डेव्हलपर, म्हणजे रोलवर चित्र उमटवणारं रसायन, साधारण 20 अंश सेल्सिअसवर लागतो आणि उन्हाळ्यात आपल्या टाकीचं पाणी चटका देतं, म्हणून माठाचं पाणी घ्या आणि बाटल्या बर्फाच्या टोपल्यात ठेवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात, चांदी उतरलेली असते, तो नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

आणि जुना फोटो पारावर लावण्याआधी स्टुडिओवाल्याला आणि फोटोतल्या घरच्यांना विचारा. त्यातलं कुणी वारलेलं असतं, तर कुणाचं वावर विकलं गेलेलं असतं.