सहा जण, आठ दिवस, म्हैसूर-उटी: सामान किती आणि कसं भरावं?

तुम्ही विचारलंय की सासू-सासरे, तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे सहा जण मे महिन्यात सोलापूरहून उद्यान एक्सप्रेसने बंगळूरला आणि तिथून पुढे म्हैसूर-उटीला निघालाय, आणि दरवेळी बॅगा फार होतात. आमचं घरही सोलापुरातलं आणि माणसंही जवळपास एवढीच, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा दिवस मोजू नका, हात मोजा. सहा माणसांत ओझं उचलणारे तुम्ही दोघंच. त्यातही एकाचा एक हात धाकट्याच्या हातात अडकलेला. मुलीने स्वतःची पाठीवरची बॅग घ्यावी. आजी-आजोबांकडे खांद्याच्या लहान पिशवीपलीकडे काही देऊ नये. म्हणजे मोठ्या बॅगा दोन, फार तर तीन. स्लीपर आणि थ्री टायर एसीला मोठ्या माणसामागे 40 किलो सामान फुकट नेता येतं, पण त्या आकड्यावर जाऊ नका. रेल्वे चालवून घेईल, तुमची कंबर नाही घेणार. आमच्या एका प्रवासात ऐनवेळी फलाट बदलला. आठ नग, पूल चढायचा, सासूबाईंचे गुडघे दुखरे. त्या अर्ध्या पुलावर कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि आम्ही दोघं बॅगा टाकून त्यांच्याकडेही जाऊ शकत नव्हतो. तो चेहरा आठवला की आजही मी भरलेल्या बॅगेतून दोन साड्या बाहेर काढते.

आता सोलापूरकरांची खास अडचण. घरातून निघताना पारा 42-43 वर असतो, त्यामुळे थंडी डोक्यातच येत नाही. उटी समुद्रसपाटीपासून साधारण 2,240 मीटर उंच आहे, मे महिन्यातही रात्री चांगलंच गार होतं आणि दुपारनंतर पाऊस येऊ शकतो. काही जण नेमकं उलट करतात, घरातल्या दोन जाड चादरी गुंडाळून घेतात. आपली चादर मलाही प्रिय आहे, पण एकीनेच अर्धी बॅग भरते. हॉटेलात पांघरूण असतंच. स्लीपरने जात असाल तर रात्रीसाठी एखादी पातळ चादर घ्या, एसीत अंथरूण-पांघरूण मिळतं. गरम कपडे माणशी एक स्वेटर, लहानग्याला आणि आजी-आजोबांना कानटोपी, बास. स्वेटर जाड असेल तर उटीच्या वाटेवर बॅगेत न ठेवता अंगावरच राहू द्या.

टॉवेलचंही तेच. आपले टर्किश टॉवेल भिजले की उटीच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलेच राहतात आणि बाकीच्या कपड्यांना वास लावतात. त्याऐवजी माणशी एक पंचा न्या, लवकर वाळतो.

कपडे चार दिवसांचे पुरतात. म्हैसूरला एका संध्याकाळी थोडे धुऊन टाका, तिथं ऊन असतं. पण भरताना एक करा: एकेका माणसाची एकेक बॅग करू नका. दोन्ही मोठ्या बॅगांत सगळ्यांचे थोडे थोडे कपडे टाका. एक बॅग उशिरा मिळाली किंवा भिजली तरी कुणी उघडं पडत नाही.

सासऱ्यांच्या रोजच्या गोळ्या मोठ्या बॅगेत अजिबात नकोत. मूळ पाकिटासह, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह खांद्याच्या पिशवीत, आणि तीन-चार दिवसांच्या गोळ्या वेगळ्या तुमच्या पर्समध्ये. घाटात मुलांना उलटी होते, म्हणून धाकट्याचा एक सबंध जोड, ओला रुमाल आणि आलेपाक सगळ्यात वर हाताशी ठेवा. म्हैसूर-उटी वाटेवरच्या बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो, तेव्हा हा प्रवास दिवसाच होणार.

उटी ज्या जिल्ह्यात आहे त्या नीलगिरीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर, पाण्याच्या बाटल्यांवरसुद्धा बंदी आहे. स्टीलच्या दोन-तीन बाटल्या आणि कापडी पिशव्या घरूनच घ्या. स्वतःची गाडी किंवा टॅक्सी नेणार असाल तर उटीत गाडी नेण्यासाठी लागणारा ई-पासही आधी ऑनलाइन काढून ठेवा.

खाण्याचं मात्र कमी करू नका. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठ दिवस टिकते, ओझंही नाही, आणि तिसऱ्या दिवशी आजोबांना इडलीचा कंटाळा आला की तीच कामी येते. धपाटे पहिल्या रात्रीपुरतेच करा. भाकरी पिशवीत मोडते, म्हणून डब्यात ठेवा. परतीला तो डबा रिकामा होतो, म्हैसूरपाकाला जागा होते.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळं भरून झालं की प्रत्येकाने आपापला नग उचलून गच्चीपर्यंत एकदा जिना चढून यावा. जो अर्ध्यात खाली टेकेल, त्याचा नग तिथेच उघडून हलका करा.