कॅसेटमधल्या अंतराळयानांना बुरशी

प्रश्न : माळ्यावर व्हीएचएस कॅसेट सापडल्या. लेबलांवर 'इंद्रधनुष' (१९८९) आणि 'कॅप्टन व्योम' (१९९८) या विज्ञानकथा मालिकांची नावं. लहानपणी दूरदर्शनवरून टेप केलेल्या. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. व्हीसीआर चालू आहे, लावून बघू का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात नको. ती बुरशी आहे. व्हीसीआरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागली की पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. आधी कॅसेट सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा. मग मास्क लावून, गच्चीत बसून, मागचे पाच स्क्रू काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने टेप सावकाश गुंडाळत पुसा. जोर लावलात तर चुंबकीय थरच खरवडून निघेल. वाळल्यावर रिळं दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या कव्हरात बसवा आणि चुकून वर काही टेप होऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेची रेकॉर्डिंगची छोटी प्लास्टिकची टिकली मोडून टाका.

संगणकावर घेताना खरा घोटाळा होतो. व्हीसीआरचं चित्र संगणकात उतरवणारी स्वस्तातली यूएसबी कॅप्चर पट्टी बरेचदा एनटीएससी या अमेरिकी प्रसारण पद्धतीवर असते. आपलं तेव्हाचं प्रसारण पाल पद्धतीचं होतं : ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. सेटिंग बदललं नाही तर चित्र वरखाली पळतं नाहीतर रंग उडतो. आवाज हळूहळू मागेपुढे होत असेल तर फ्रेम गळताहेत. व्हीसीआर आणि पट्टीच्या मध्ये टाइम बेस करेक्टर (टेपच्या सिग्नलची डळमळती वेळ सरळ करणारं यंत्र) लावा. १८० मिनिटांच्या कॅसेटवर सहा तासांचं रेकॉर्डिंग असेल, तर ते एलपीवर, म्हणजे टेप निम्म्या वेगाने फिरवून केलेलं आहे. त्याला एलपी वाजवणाराच व्हीसीआर लागेल.

आणि कृपा करून मधल्या जाहिराती, 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी कापू नका. मालिकेचे भाग दुसरीकडे मिळतीलही, त्या संध्याकाळचं प्रसारण मिळणार नाही.

प्रश्न : कॅप्चर केलं, पण पात्र हललं की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. काळ्या अवकाशात चौकोन उमटतात. — एक वाचक, ठाणे

उत्तर : रेषा इंटरलेसिंगमुळे : एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी आळीपाळीने गुंफलेल्या असतात. डीइंटरलेस करताना, म्हणजे त्या ओळी सुट्या करताना, सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. २५ ठेवल्यात तर निम्मी हालचाल जाते. चौकोन कमी बिटरेटमुळे, म्हणजे सेकंदाला कमी डेटा दिल्यामुळे : टेपचा खरखरीत दाणा साठवायला बराच डेटा लागतो आणि तो कमी पडला की अंधारात लगेच दिसतं, म्हणून एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटला ६ ते ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) द्या. तळाशी फाटल्यासारखी पट्टी दिसेल, तो दोष नव्हे. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची. काळी पट्टी ठेवून झाका, चित्र ताणू नका. ते ४:३च राहू द्या.