कोचसोबत ठरवलेलं काम करायची वेळ आली की आतून विरोध होतो. हा आळस आहे का? कोच बदलू का?

तुम्ही लिहिलंय की सेशनमध्ये सगळं पटतं, वहीत उतरवूनही घेता, आणि मग आठवडाभर त्या पानाकडे फिरकत नाही. आता तर सेशनच पुढे ढकलावंसं वाटतं. बाकीची कामं मात्र वेळेवर होतात, हेही तुम्हीच लिहिलंय. मग आळसाचा विषयच मिटला. आळस असता तर तो सगळीकडे दिसला असता, नेमका याच एका जागी नाही.

मी गेली काही वर्षं कोच म्हणून, म्हणजे लोकांना त्यांच्या ध्येयाकडे जायला संवादातून मदत करण्याचं काम करते आणि हा प्रश्न माझ्यासमोर या ना त्या रूपात सतत येतो. माझं ठाम मत असं आहे की आतला विरोध काहीतरी राखत असतो. तो काय राखतोय हे कळेपर्यंत त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही.

हार्वर्डमधले रॉबर्ट केगन आणि लिसा लाहे यांनी 2001 मध्ये ही गोष्ट फार नेमकी मांडली. माणूस मनापासून बदलायचं ठरवतो, पण त्याच वेळी त्याच्या आत दुसरा एक न बोललेला निश्चय काम करत असतो, पहिल्याच्या बरोबर उलटा. दोन्ही खरे असतात. म्हणून माणूस जागचा हलत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं याला करायचंच नाही. या दुसऱ्या निश्चयाच्या मुळाशी एक समजूत असते, 'असं केलं तर तसं होईल' अशी. ती इतकी जुनी झालेली असते की ती समजूत आहे हेच आपल्या लक्षात येत नाही.

एक उदाहरण देते. त्या व्यक्तीची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. एका टीमचे प्रमुख होते. कामं वाटून द्यायला शिकायचं, हे त्यांचं ध्येय. दर वेळी ठरायचं की साप्ताहिक रिपोर्ट सहकारी करेल. ती करायचीही. आणि रात्री हे गृहस्थ तो उघडून पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. पुढच्या सेशनला चेहरा उतरलेला.

मी विचारलं, "तिचा रिपोर्ट तसाच पाठवला असता तर काय झालं असतं?"

"चुका गेल्या असत्या."

"गेल्या असत्या, तर?"

"तर वरचे म्हणाले असते, कोणाचं लक्ष नाही का?" मग थोडं थांबून, बऱ्याच खालच्या आवाजात, "आणि चुका नसत्या गेल्या, तर म्हणाले असते, मग हा करतो काय?"

ते दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं ते महिनोन् महिने स्वतःला ऐकवत होते. रात्रीचं ते जागरण त्यांची जागा राखत होतं. हे दिसल्यावर "जरा सोडायला शिका" हा सल्ला किती पोकळ होता, हेही त्यांना दिसलं. तो सल्ला त्यांना आजवर प्रत्येकाने दिला होता.

त्यानंतर आम्ही मोठा संकल्प केला नाही. एवढंच ठरवलं की सगळ्यात कमी महत्त्वाचा एक रिपोर्ट न उघडता पुढे जाऊ द्यायचा आणि कोण काय विचारतं ते लिहून ठेवायचं. त्यात एक आकडा चुकला होता. वरून विचारणा झाली, सहकारीने दुरुस्त केला, विषय संपला. ह्यांचं नावही निघालं नाही. यामुळे त्यांची समजूत एका फटक्यात गेली असं मुळीच नाही, पण ती तपासता येते हे कळलं. पुढचा रिपोर्ट सोडणं त्यांना पहिल्याइतकं जड गेलं नाही.

तुम्ही हे घरी बसूनही सुरू करू शकता. कागदावर चार गोष्टी लिहा: काय करायचं ठरलंय, त्याऐवजी मी प्रत्यक्षात काय करतो, ठरलेलं खरंच केलं तर मला कसली धास्ती वाटते, आणि त्या धास्तीमागे मी काय गृहीत धरलंय. केगन आणि लाहे यांचा हा चार रकान्यांचा सराव आहे. तिसऱ्या रकान्यात घाई करू नका. तिथे पहिल्यांदा येतं ते उत्तर बहुतेक वेळा चारचौघांत सांगण्याजोगं असतं. जे लिहिताना अंगावर येतं, तिथे थांबा. इथेच कोचचा उपयोग होतो, कारण स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. तुमचा आवाज कुठे बदलला हे समोरच्यालाच टिपता येतं.

आता कोच बदलण्याबद्दल. विल्यम मिलर हे मानसशास्त्रज्ञ दारूच्या व्यसनात अडकलेल्या लोकांसोबत काम करत होते. 1983 मध्ये त्यांनी मांडलं की समुपदेशक बदलाची बाजू लावून धरू लागला की समोरचा माणूस न बदलण्याची बाजू मांडू लागतो. मनात दोन्ही बाजू असतात. एक समोरच्याने घेतली की उरलेली आपल्या वाट्याला येते. पुढे मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी 'विरोध' ही कल्पनाच बाजूला ठेवली आणि तिचे दोन भाग केले. एक, माणूस जसं आहे तसंच राहू देण्याच्या बाजूने बोलतो ते. दुसरा, त्याचं आणि मदत करणाऱ्याचं बिनसलेलं असणं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र वेगळे आहेत.

म्हणून स्वतःला विचारा: सेशन नकोसं वाटतं ते त्या कामाच्या विचाराने, की त्या माणसासमोर बसण्याच्या विचाराने? कोच तुम्हाला ढकलत असेल, 'का नाही केलं' याचा जाब घेत असेल, तर तुमचं अडून बसणं अगदी स्वाभाविक आहे. आपलं स्वातंत्र्य कोणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला धडपडतो, हे मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेहम यांनी 1966 मध्येच मांडलंय. ध्येय तुमचं आहे की साहेबांनी, घरच्यांनी सुचवलेलं, हेही एकदा पाहा. दुसऱ्याचं ध्येय असेल तर तुमचा विरोध बरोबर सांगतोय आणि ध्येय बदलायला हवं.

आणखी एक. या सगळ्यासोबत बरेच दिवस झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, किंवा जुना एखादा आघात वारंवार वर येत असेल, तर ते कोचचं काम नाही. मानसोपचारतज्ज्ञांना किंवा मानसशास्त्रज्ञांना भेटा. चांगला कोच हे स्वतःहून सुचवतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचच्या जागतिक संघटनेच्या निकषांतही गरजेप्रमाणे योग्य तज्ज्ञाकडे पाठवणं येतं.

तूर्त पुढचं सेशन रद्द करू नका. तिथे गेल्यावर कामाचा हिशेब देण्याआधी सांगा, "मला आज यायचं नव्हतं." मग गप्प बसा आणि कोच काय करतो ते पाहा. त्याने कुतूहलाने विचारलं, "काय होतंय सांगाल?" तर तिथून काम सुरू करा, हाच माणूस चालेल. त्याने चिकाटीचं महत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली, तर हेही त्याला स्पष्ट सांगा की ते तुमच्या उपयोगाचं नाही. त्यानंतरही सूर तोच राहिला तर दुसरा कोच शोधा.